आतला बांध

"बांध मीच फोडला," असे वाक्य मी एका माणसाच्या जबाबात लिहिले, त्याला ते वाचून दाखवले आणि खाली त्याचा अंगठा घेतला. त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या तोंडून आलेला होता. तरीही ते वाक्य खोटे होते, आणि लिहिताना ते मला ठाऊक होते.

संपादकांचे पत्र आले की नोकरीतले गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. गमतीदार अनुभव आहेत, एकदोन सांगेनही. पण हे वाक्य आधी बाहेर पडल्याशिवाय बाकीचे लिहिता येईना. तीनदा कागद फाडला. चौथ्यांदा तिथूनच सुरुवात केली आहे.

मी मृद्संधारणाच्या कामावर ओव्हरसियर आहे. या शब्दाने कोणालाच काही कळत नाही. डोंबिवलीत आमच्या शेजारच्या वहिनी आल्यागेल्याला माझी ओळख "हे मातीत असतात" अशी करून देतात, आणि पाहुणे क्षणभर गंभीर होतात. थोडक्यात सांगायचे तर पावसाने माती वाहून जाऊ नये आणि पाणी हवे तिथे मुरावे, नको तिथून निघून जावे, यासाठी जमिनीला बांध घालून देणे हे आमचे काम. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, समोर एका माणसाने आकड्यांची पट्टी उभी धरायची, आणि उतारावर सारख्या उंचीच्या जागा शोधत जायचे. भांड्यात ठेवलेले पाणी आटत गेले की आतल्या बाजूने एक पांढरी रेघ उमटते ना, तशी रेघ डोंगराच्या अंगावर काढायची. त्या रेघेवर बांध घातला की उतरणारे पाणी तिथे थबकते, सोबतची माती खाली ठेवते आणि मग पुढे जाते. एवढीच आमची विद्या. बाकी सगळी चालण्याची मेहनत.

ही विद्या मी देशावर शिकलो. माझे गाव कमी पावसाच्या मुलखातले. तिथे बांध म्हणजे शेताची अब्रू. बांधाला भोक दिसले की वडील ताटावरून उठत. बांध फोडणारा माणूस म्हणजे एक तर वाईट शेजारी किंवा वेडा, तिसरा प्रकार आम्हाला माहीत नव्हता. ही समजूत डोक्यात घेऊन मी स्वातंत्र्यानंतर वर्षा-दीड वर्षाने ठाण्याच्या कचेरीत रुजू झालो, आणि पहिलेच काम मिळाले खाडीकाठच्या बांधाचे.

कळव्याहून बांधाबांधाने तासभर चालत गेले की ते गाव लागते. नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्ती आगऱ्यांची, शेती खारीची. खार म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली भातजमीन. तिला दोन तऱ्हेचे बांध असतात. बाहेरचा बांध खाडीच्या अंगाला, उंच आणि रुंद, भरतीचे खारे पाणी अडवणारा. तो सगळ्या गावाचा. आतले बांध शेताशेतांमधले, गुडघाभर उंचीचे. ते ज्याचे त्याचे. बाहेरच्या बांधात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर सोडते. भरती आली की खाडीच्या रेट्याने आपोआप मिटते.

या दोन्ही तऱ्हेच्या बांधांची राखण धर्मा नावाच्या माणसाकडे होती. सरकारने नेमलेला नव्हे, गावाने मानलेला. बाहेरचा बांध कुठे खचला की तो हाक घाली आणि घरटी एक माणूस खाली उतरे. माणसे ओळीने उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत, आणि ओळीच्या टोकाला, भगदाडापाशी, धर्मा उभा असे. शेवटचा गोळा बसवायचा मान त्याचा. वय साठीच्या आसपास, म्हणजे माझ्या वडिलांएवढे. मी त्याला "धर्मा" आणि "तू" म्हणत असे. कचेरीतले सगळेच म्हणत, आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

वैशाखात बाहेरच्या बांधाचा एक खचलेला भाग आम्ही दुरुस्त करायला घेतला. मी मागच्या टेकाडावरून माती आणवली. धर्माने एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरडले.

"ओवरशेर, सुकी हाय ही."

"सुकीच हवी. धुम्मसाने ठोकून पक्की बसवतो."

"देसावर बसत असंल. हितं खाडीतला वल्ला चिखोल लागतो. गोल्यावर गोला, एक भरती खाऊ द्याची, मंग वर दुसरा थर. सुक्या मातीला चिरा परतात. चिरेन खेकरा शिरतो, आन् खेकऱ्याच्या मागून खाडी."

"अरे, पण ओला चिखल मोजणार कसा? मला मोजमाप पुस्तकात लिहायचंय."

"बांद र्‍हावाचा हाय का मोजाचा?"

त्याची सून बायजी टोपली घेऊन मागेच उभी होती. ती म्हणाली, "मामा, त्यांना कशाला सांगताव? ओवरशेरांनी खेकरा ताटान पन नाय पायला, बांदातला कदी पायाचा?"

बायका हसल्या. मी ब्राह्मणाचा मुलगा, खेकडा ताटात येण्याचा प्रश्नच नव्हता. पण हसण्याने मी चिडलो आणि चिडून जास्तच पक्का झालो. सुकी माती बसवली. मापे चोख घेतली. वर गवत लावले. बांध इतका देखणा दिसत होता की साहेबांनी ठाण्याहून येऊन पाठ थोपटली.

ज्येष्ठात पाऊस लागला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहतो तर धर्मा कुदळ घेऊन शेतांमधले बांध फोडत चालला आहे. एका बांधाला चार-चार ठिकाणी. मी छत्री टाकून धावलो.

"हे काय चाललंय? बांध फोडतोस?"

तो थांबला. माझ्याकडे, मग छत्रीकडे पाहिले. "छत्री उचला सायेब, वाऱ्यान जाईल." मग लहान मुलाला सांगावे तसे सांगू लागला. "जमिनीन मीठ हाय ना? पावसाचं गोरं पानी सगल्या खारीन फिराया पायजे. ह्या शेतातून त्या शेतान, त्या शेतातून उघारीवर, न् ओहटीला भायेर. तीन आठवडे असं धुतलं का मीठ जातं. मंग भोकं बंद कराची न् मोर आलेलं भात फेकाचं. आतला बांद फोरल्याबिगर खार धुवाची कशी? दरसाल मीच फोरतो. माज्या बापानी पन फोरलेला."

आगरी बोलीत 'ड' पुष्कळदा 'र' होतो. फोडला म्हणजे फोरला. गोडं पाणी म्हणजे गोरं पानी. आणि शेतात म्हणजे शेतान. हे वाचकांसाठी सांगितले. मला तेव्हाही नीट समजले होते.

खारीत नांगर घालत नाहीत, कारण खालचे मीठ वर येते. लावणी नाही. भिजवून मोड आणलेले भात चिखलात फेकतात, बस्स. माझ्या सगळ्या पुस्तकांच्या उलट असलेली ही शेती मी त्या दिवशी पावसात उभा राहून शिकलो आणि मनातून थक्क झालो. परत जाताना धर्माने माझी छत्री चिखल पुसून हातात दिली. म्हणून पुढे जे झाले ते गैरसमजाने झाले, असे म्हणण्याची सोय मला नाही.

आषाढातल्या अमावास्येला बाहेरचा बांध गेला.

खाडीकाठी भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमारास भर दिवसा आम्ही सगळे बांधावर उभे होतो. उधाण मोठे होते, पण बांधाच्या माथ्यापासून हातभर खालीच होते. जुना भाग जसाच्या तसा उभा होता. माझ्या देखण्या भागाच्या आतल्या अंगाला मनगटाएवढी पाण्याची धार दिसली. धर्मा धावत खाली गेला आणि त्या धारेवर पाठ टेकून बसला. तेवढ्याने काय होणार. पाव तासात बैलगाडी जाईल एवढी खांड पडली, आणि मोड फुटून बोटभर वर आलेल्या गावच्या सगळ्या भातावर खाडी पसरली. धर्माला दोघांनी काखेत धरून वर ओढले. बायजी माझ्या शेजारी उभी होती. ती वाहत चाललेल्या माझ्या मातीकडे पाहत राहिली. खाडीचा चिखल काळा असतो. ती माती तांबडी होती, त्यामुळे पाण्यात लांबपर्यंत वेगळी ओळखू येत होती.

चार दिवसांनी साहेब चौकशीला आले. गावाला पुढच्या साली नवा बांध मिळणार की नाही, हे त्या चौकशीवर ठरणार होते. साहेब देवळाच्या ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "जबाब तुम्ही घ्या." माझी नोकरी कायम व्हायची होती. बायको पहिलटकरीण होती. ही कारणे आहेत, समर्थन नव्हे.

मी धर्माला विचारले, "तुमच्यात बांध फोडतं कोण?"

हा प्रश्न मी रात्रभर घडवलेला नव्हता. ओठावर आला आणि मी तो येऊ दिला.

धर्मा म्हणाला, "बांद मीच फोरला. दरसाल मीच फोरतो."

मी लिहिले: 'बांध मीच फोडला. दरसाल मीच फोडतो.' कोणता बांध, हे मी विचारले नाही. त्याने सांगितले नाही, कारण कोणता हे मला माहीत आहे हे त्याला माहीत होते. मी वाचून दाखवले. "बरोबर?" तो म्हणाला, "बरोबर." ओट्याखाली सगळे गाव उभे होते. अंगठा उमटला. साहेब पंजाबातल्या कालव्यांवरून आलेले, मराठी वाचणारे पण खारीची शेती ठाऊक नसलेले. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

त्या गावापुढे कचेरीत शेरा पडला: ग्रामस्थ बांधाची तोडफोड करतात, काम मंजूर करू नये. खांड तशीच राहिली. खार पुन्हा खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल झाली, शेतात तिवरे उगवली. पुरुष गिरण्यांतून आणि मिठागरांवर कामाला जाऊ लागले. माझी नोकरी कायम झाली आणि बदली कल्याणला.

आता संपादकांना हवे असलेले काही लिहितो.

कल्याणला काम होते डोंगराचे, मलंगगडाच्या बाजूच्या उतारांवर. पाणलोट हा शब्द मला तिथे खरा कळला. एका ओढ्याला जेवढ्या जमिनीचे पाणी मिळते ती सगळी जमीन म्हणजे त्याचा पाणलोट. त्यातला एक तुकडा धरून उपयोग नाही. वर माथ्यावर झाड तुटले की खाली विहिरीत गाळ येतो. आम्ही माथ्यापासून सुरुवात केली. चर खणले, बांध घातले, ओढ्यात दगड रचले. वरच्या ठाकरवाडीतली माणसे पहिल्या वर्षी आमच्याकडे सरकारी वेडेपणा म्हणून पाहत होती. तिसऱ्या वर्षी वाडीतली एक म्हातारी मला ओढ्यावर घेऊन गेली आणि म्हणाली, "शिमगा आला, न् बघ, अजून पानी वाजतंय." वाजतंय हा तिचा शब्द. तो ऐकून झालेला आनंद मला कोणत्याही बढतीने झाला नाही.

आणि मास्तर. ठाकुर्लीच्या बाजूला उतारावर एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी जमीन घेऊन आंब्याची कलमे लावली होती. आमच्या बांधाची रेघ त्यांच्या जमिनीतून जात होती. मी चुन्याने आखणी केली आणि मास्तर काठी टेकत आले.

"ही रेघ कोणी काढली?"

"मी."

"वाकडी आहे."

"उतार वाकडा आहे, मास्तर. रेघ सपाट आहे."

"सदतीस वर्षं मुलांना सरळ रेघ काढायला शिकवली हो मी. आणि आता माझ्याच जमिनीवर असलं गिचमिड काढता? हातात पट्टी धरता येत नाही का तुम्हाला?"

"पाण्याला पट्टी समजत नाही."

"पाण्याचं सोडा. येणारेजाणारे काय म्हणतील?"

बांध रेघेप्रमाणे घातला. मी पाठ फिरवल्यावर मास्तरांनी दोन गडी लावून तो दोरी धरून सरळ करून घेतला. श्रावणात पाणी त्या सरळ बांधाच्या मधल्या सखल भागात गोळा झाले, बांध फुटला आणि सोळा कलमे खालच्या ओढ्यात गेली. आता मास्तर कचेरीत तक्रार करणार, म्हणून मी आखणीचे कागद जुळवून ठेवले. आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. मजकुराच्या जागी शाईने एक रेघ काढली होती, सुंदर, हात न उचलता काढलेली, माझ्या चुन्याच्या रेघेसारखी वळणे घेणारी. तिच्याखाली लिहिले होते: 'ही रेघ बरोबर होती. माझे चुकले. पुन्हा आखून द्यावी.' आणि सही.

कचेरीत ते कार्ड सगळ्यांनी पाहिले आणि हसले. मला हसता आले नाही. मी ते खिशात घालून घरी आणले आणि बायकोला दाखवले. धर्माची गोष्ट तिला तोवर सांगितली नव्हती, ती त्या संध्याकाळी सांगितली. ती भाजी निवडत होती. सगळे ऐकून म्हणाली, "मास्तरांना दोन शब्द लिहायला आठ दिवस लागले. तुम्हाला किती वर्षं झाली?"

सात झाली होती.

त्याआधी एकदा संधी आली होती आणि मी ती दवडली होती. कल्याणच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्यांमध्ये बायजी दिसली. मी वळणार तेवढ्यात तिने हाक मारली.

"ओवरशेर, नाकाला रुमाल लावून चाललाव का तोंड लपवून?"

मी धर्माची खुशाली विचारली.

"हायेत. बांदावर जात नाय. गाव बोलतं, तुजा अंगठा नसता त बांद भेटला असता. पाटलाच्या तल्याचा बांद खचला तवा सगले उतरले, मामा पन गेले. त्यांना कुनी टोकाला उभं नाय केलं. मदे उभं केलं, पोरासोरांत." मग तिने टोपली सारखी केली. "तुमाला काय, तुमी मोजमाप करा."

मी निघून आलो. मनाशी म्हटले, आता काय उपयोग. ही सबब मी सात वर्षे वापरली. ती झिजत कशी नाही याचेच आश्चर्य वाटते.

पोस्टकार्डानंतरच्या रविवारी मी कळव्याला उतरलो आणि त्या जुन्या वाटेने चालत गेलो. धर्मा पडवीत जाळे विणत बसला होता. डोळे अधू झाले होते, हात चालू होते. मी जवळ जाऊन नाव सांगितले. म्हणालो, "धर्माबाबा, मी तुमचा अपराधी आहे." आणि पुढे बोलू लागलो. त्याने हात वर करून मला थांबवले.

"माज्या कानान नको सांगू. मी कंचा बांद फोरला ते मना ठावं हाय. तुला पन ठावं होतं."

"होतं."

"मंग मना सांगून काय नवीन? कागदावर लिवलंस ते कागदावर पूस. न् गावाम्होरं अंगठा घेतलास त गावाम्होरं बोल." मग जाळ्याकडे वळून म्हणाला, "बायजे, ओवरशेरांना च्या दे. चालत आलेत."

चहा देताना बायजी म्हणाली, "साकर जास्ती घातलीय. गोरं बोलाला जमंल."

मी ठाण्याला अर्ज केला. जुने साहेब केव्हाच बदलून गेले होते. नव्यांनी फाइल मागवली, वाचली आणि चष्मा काढला.

"काय बदलायचंय?"

"एक शब्द राहिला आहे. 'बांध' च्या आधी 'आतला'."

"एका शब्दासाठी सात वर्षांची बंद फाइल उघडायची?"

"बाहेरचा बांध माझ्या सुक्या मातीमुळे गेला, हेही लिहायचं आहे. ते मी वेगळ्या कागदावर लिहून आणलंय."

त्यांनी तो कागद वाचला. "हा ठेवून घेतला तर तुमच्या नावावर कायमचा शेरा बसेल. बढती विसरा."

"हो."

त्यांनी तो कागद फाइलीत लावला. मग म्हणाले, "मी स्वतः एकदा ती खार बघून येतो. उघाडी म्हणजे काय ते तुम्ही मला तिथेच दाखवा." त्यांनी खरोखर बूट काढून चिखलात उतरून ती पाहिली. अशी माणसे खात्यात आहेत, हे लिहिताना मला बरे वाटते. शेरा माझ्या नावावर बसला, आणि त्यानंतर माझ्या हाताखालचे दोघे माझ्या वर गेले. गावापुढचा शेरा मात्र खोडला गेला. पुढच्या माघात बाहेरच्या बांधाचे काम मंजूर झाले. अटीत मी एक ओळ घालून घेतली: माती खाडीतलीच, ओली, गावाच्या पद्धतीने बसवावी. मोजमापाचे काय करायचे, हे मी आणि धर्माबाबांनी बसून ठरवले. ते बांबू रोवून त्यावर खुणा करत, मी त्या खुणा वहीत उतरवून घेई. सात वर्षांपूर्वी विचारले असते तरी त्यांनी हेच सांगितले असते.

चैत्रात खांड बुजवायचा दिवस आला. दोन्ही बाजूंनी बांध पुढे येत येत मध्ये तीन-चार हातांची फट राहिली होती. ती एका ओहोटीत बंद व्हायला हवी, नाहीतर पुढची भरती सगळे धुऊन नेते. अष्टमी होती, म्हणजे पाणी मवाळ, आणि दुपारी बारापर्यंत ओहोटी. घरटी एक माणूस उतरला होता, गिरण्यांत जाणारेसुद्धा खाडा करून आले होते. काळ्या चिखलाचे गोळे ओळीने पुढे सरकत होते. मीही धोतर खोचून ओळीत उभा होतो, आणि माझ्या हातून दर पाचवा गोळा निसटत होता. शेजारची बायजी म्हणाली, "मुलासारका धरा. पुस्तकासारका नको."

धर्माबाबा ओळीच्या मध्ये होते.

फट हातभर उरली तेव्हा ओळ थांबली. टोकाला कोणीच नव्हते. शेवटचा गोळा कोणी बसवायचा, हे कोणी बोलत नव्हते. मी चिखलाचे हात अंगरख्याला पुसले, खिशातून दुरुस्त झालेल्या जबाबाची नक्कल काढली आणि बांधावर चढलो. खाली साठसत्तर माणसे मान वर करून पाहत होती. त्या ओट्याखाली होती तीच, काही म्हातारी झालेली, काही नवी. मी घरून बरेच काही लिहून आणले होते. खाडीच्या मुखाकडे पाणी थांबून उलटे फिरू लागलेले दिसत होते.

बायजी खालून म्हणाली, "भरती तुमच्यासाटी थांबाची नाय, ओवरशेर. काय बोलाचं त बोला."

मी लिहून आणलेले सगळे खिशात ठेवले. नक्कल उलगडून जबाबाची ओळ मोठ्याने वाचली: "आतला बांध मीच फोडला. दरसाल मीच फोडतो." मग कागद मिटला, ओळीच्या मध्यापर्यंत खाली उतरलो आणि धर्माबाबांपुढे उभा राहिलो.

"धर्माबाबा, 'आतला' हा शब्द मी खाल्ला होता. तुम्ही गावाची खार धुतलीत, आणि बाहेरचा बांध माझ्या सुक्या मातीनं गेला. अंगठा घेताना मला ते ठाऊक होतं. तुमची जागा मी हिरावली. माझं चुकलं. टोकाला चला."